गुण कुणाचा?

आमच्या घरात आजारी पडायला कुणाची परवानगी लागत नाही. बरं व्हायला मात्र लागते. गेल्या पावसाळ्यात मला साधा कोरडा खोकला झाला. तो अकरा दिवस टिकला, आणि त्या अकरा दिवसांत माझ्या घशाविषयी जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या माझ्या लग्नाच्या वेळीही झाल्या नव्हत्या.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. साताऱ्याचा जुलै. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट, काडी ओढली तर पेटत नाही, अशी हवा. रात्री साडेदहाला अंथरुणात पडल्या पडल्या मी एकदाच "खुक" केलं. आतल्या खोलीतून लगेच आईचा आवाज आला, "रात्री दही खाल्लंस ना?"

आई ७८ वर्षांची आहे. दारावरची बेल तिला ऐकू येत नाही, फोन वाजलेला कळत नाही, मी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ मिळते. पण दोन भिंतींपलीकडचा खोकला तिला ऐकू येतो, आणि तो कोरडा की ओला हेही कळतं.

"नाही खाल्लं," मी म्हणालो.

"मग कढी?"

"कढी तूच केली होतीस."

"मी केली होती. दोन-दोन वाट्या ओरप असं कुठं म्हटलं होतं?"

मराठी घरातलं निदान हे असं असतं. डॉक्टर विचारतात, काय होतंय. घरचे विचारतात, काय केलंस. ओले केस, पंख्याचा वारा, फ्रीजमधलं पाणी, शिळी भाजी, उन्हातून आल्या आल्या घटाघटा प्यायलेला माठ आणि गेल्या दहा वर्षांत या यादीत घुसलेला मोबाइल, एवढ्यात आमच्याकडच्या सगळ्या रोगांची मुळं सापडतात. जंतू, विषाणू वगैरे मंडळींना आईच्या लेखी स्वतंत्र अधिकार नाहीत. फार तर आपण दही खाल्लं की ते संधी साधून आत शिरतात.

दहा मिनिटांत डबा उघडल्याचा आवाज आला. आजीबाईचा बटवा म्हणायची आपली पद्धत. आईचा बटवा म्हणजे बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा आहे. त्याच्या झाकणावर कधीकाळी एक गुबगुबीत मूल होतं. आता त्याचा एक कान आणि अर्धं हसू उरलंय. आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या. वेखंड, मुरुडशेंग, काकडशिंगी, अतिविष, मायफळ, हिरडा, पिंपळी, सागरगोटा. एकाही पुडीवर नाव नाही. आई पुडी नाकाशी धरते, डोळे मिटते आणि आत काय आहे, किती जुनं आहे आणि कुठल्या दुकानदाराने फसवून दिलं आहे एवढं सगळं सांगते. एकदा मी हौसेने पेन घेऊन पुड्यांवर नावं घालायला बसलो होतो. आईने पेन काढून घेतलं. म्हणाली, "तू लिहून ठेवलंस तर माझं काय काम?"

हा प्रश्न मी त्या वेळी हसण्यावारी नेला. खोकल्याच्या अकरा दिवसांत तो मला हळूहळू उलगडत गेला.

आपल्या भाषेत औषधाला "गुण येतो" आणि देणाऱ्याला "हातगुण" असतो. गुण औषधाचा, हात देणाऱ्याचा. रोग्याच्या वाट्याला काय येतं? पथ्य. म्हणजे आजार जरी माझा असला तरी बरं होण्याचं श्रेय माझ्या नावावर पडायची सोयच भाषेने ठेवलेली नाही. ते कुणाच्या तरी हातालाच लागणार, आणि हात घरात पुष्कळ असतात.

याचा पहिला धडा मला मुलीच्या जन्माच्या वेळी मिळाला होता. तिला बाळगुटी द्यायची म्हणून आईने सहाण धुवून ठेवली. चार दिवसांनी गुहागरहून सासूबाई आल्या, त्या स्वतःची सहाण पिशवीत घेऊन. एका घरात दोन तलवारी राहतील, दोन सहाणी राहत नाहीत. हिरड्याचे दोन वेढे की तीन, वेखंडाचा एक की अर्धा, जायफळ आज उगाळायचं की पोर झोपत नसेल तेव्हाच, यावर दोन्ही विहिणींची इतकी सौम्य आणि इतकी भयंकर चर्चा चाले की मधल्यामध्ये बाळ कंटाळून झोपी जाई. मग दोघीही एकमेकींकडे बघून म्हणत, "बघा, गुण आला." मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पहिले सहा महिने आईचं दूध आणि फक्त आईचं दूध, आणि मध तर वर्षाचं होईपर्यंत बोटावरसुद्धा नको, कारण मधात कधीकधी अशा जिवाणूंचे बीजाणू असतात की तान्ह्या मुलाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. डॉक्टरांचं बरोबरच होतं. बायकोने निमूटपणे दोन्ही सहाणी माळ्यावर टाकल्या. पोर आज २२ वर्षांची आहे, ठणठणीत आहे, आणि दोन्ही आज्या हा आपापल्या सहाणेचा गुण समजतात.

तर पहिल्या रात्री हळद-दूध आलं. वर तुपाचे डोळे, खाली हळदीचा गाळ, मध्ये मी. "पी हळद नि हो गोरी" ही म्हण ज्याने काढली त्याला उतावळेपणाची टिंगल करायची होती हे कबूल, पण आईचा त्या म्हणीवर अक्षरशः विश्वास असावा. मी अर्धा पेला ठेवला तर तिने तो माझ्या हातात परत दिला. "अमेरिकेने पेटंट घेतलं होतं याचं," ती म्हणाली. "उगीच नाही."

ही गोष्ट तिला पाठ आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपीच्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख रघुनाथ माशेलकर यांनी त्याला आव्हान दिलं. हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, असं नुसतं सांगून पेटंट ऑफिस ऐकत नाही. त्याला लेखी पुरावा लागतो. मग जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख असं सगळं पुढे ठेवलं, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आईला या सगळ्यात एकच गोष्ट खटकते. "ग्रंथ कशाला हुडकले? मला विचारायचं." पुड्यांवर नावं घालू न देणारी बाई हे म्हणते, हे मी तिला सांगितलं नाही.

माझा लंडनमधला भाचा तिकडच्या कॅफेतल्या पाटीचे फोटो पाठवतो. हळद-दुधाला तिथे टर्मरिक लाटे म्हणतात आणि जी किंमत लावतात, तेवढ्यात इकडे हळकुंडांची पिशवी येईल. शब्द मात्र त्यांनी अचूक निवडला. आपल्याकडेही दुसऱ्याची वस्तू बेमालूम उचलण्याला लाटणंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी बायकोने काही न बोलता आल्याच्या रसात मध घालून चाटण दिलं. माझी बायको हुशार आहे. ती उपाय करते पण दावा करत नाही, त्यामुळे तिच्यावर कुणी प्रतिदावा लावत नाही. शिवाय तिच्या बाजूने साक्षात इंग्रज आहेत. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्ययंत्रणेने डॉक्टरांना मार्गदर्शन केलं की साध्या खोकल्याला उठसूट अँटिबायोटिक लिहू नका, आधी मध घ्यायला सांगा. इंग्रज गेले आणि ७१ वर्षांनी ताळ्यावर आले, एवढंच आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्या खरं म्हणजे लेकीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या, पण एसटीतून उतरतानाच त्यांनी मला खोकताना पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर कामाला लागल्याचं समाधान आलं. त्यांच्या पिशवीत आमसुलं होती, कोकमाचं आगळ होतं आणि मुठेल होतं. कोकणातल्या माणसाला कुठल्याही आजारावर कोकम चालतं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळा, टाचा फुटल्या की मुठेल लावा, जीव घाबरा झाला की सरबत प्या. यातलं बरंचसं मी अनुभवाने मानतो. मुठेलाने भरलेल्या माझ्या टाचा साक्षीला आहेत. पण खोकल्याला कोकम?

"अहो, आंबट आहे ते," आई म्हणाली. "खोकल्याला आंबट?"

सासूबाई जराही डगमगल्या नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला, नाडी बघतात तसं काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "हा खोकला नाहीच. पित्त आहे. पित्ताचा खोकला म्हणतात याला, जावईबापू."

मी अवाक् झालो. हातात औषध तयार असलं की आजार शोधायला किती कमी वेळ लागतो! पुढे मला दिसलं की सगळेच असं करतात. ओवा ज्याच्याकडे असतो त्याला समोरच्याच्या पोटात वात दिसतो. एरंडेलवाल्याला कोठा साफ नसल्याची शंका येते. ही शंका आमच्या लहानपणी दर रविवारी सकाळी सहा वाजता वडिलांना येत असे, चहाच्या कपातून ती आम्हाला पाजली जाई, आणि दुपारपर्यंत तिचं पूर्ण निरसन होई.

वडिलांवरून आठवलं. ते शाळेत हेडमास्तर होते. त्यांचा दरारा असा की व्हरांड्यात त्यांच्या चपला वाजल्या की बाजूच्या वर्गातले गुरुजीसुद्धा नीट बसत. एकदा ट्रंक उचलताना त्यांना उसण भरली. काटकोनात वाकलेले वडील तसेच काटकोनात राहिले. आंबेहळदीचा लेप झाला, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी झाली, विटेचा शेक झाला. शेवटी आजी म्हणाली, पायाळू माणूस आणा. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीत लाथ मारली की उसण उतरते, असा समज. गावात शोधाशोध झाली आणि पायाळू निघाला तो नेमका शाळेचा शिपाई. त्याच आठवड्यात वडिलांनी त्याला घंटा चार मिनिटं उशिरा दिल्याबद्दल सर्वांसमोर झापलं होतं.

तो आला. दारात चपला काढल्या. वडिलांना वाकून नमस्कार केला. वडील आधीच वाकलेले असल्यामुळे दोघांची डोकी जवळजवळ आपटली. "सर, माफी असावी," असं म्हणून त्याने पहिली लाथ इतकी अलगद लावली की आजी खेकसली, "अरे, गोंजारतोस काय? नीट मार!" दुसरी जरा बरी बसली. तिसरीच्या वेळी त्याला बहुधा घंटेची आठवण झाली. वडील भिंतीपर्यंत गेले आणि तिथे पोचेपर्यंत सरळ झाले. शिपायाने पुन्हा नमस्कार केला, चहा घेतला आणि निघाला. उसण लाथेने गेली, चार दिवस झाले होते म्हणून गेली की चौथ्या लाथेच्या धास्तीने गेली, हे ठरलं नाही. पण त्यानंतर वडिलांनी त्या शिपायाला कधी रागावल्याचं कुणी पाहिलं नाही. माझ्या माहितीतला हा सर्वांत गुणकारी घरगुती उपाय. फक्त त्याचा गुण रोग्याला आला की वैद्याला, हे सांगता येत नाही.

सगळेच उपाय इतके निरुपद्रवी असतात असं समजू नका. बिब्ब्याचं घ्या. टाचेच्या भेगांत गरम बिब्ब्याचं तेल भरायचं, असं आत्याने कुठूनतरी ऐकलं. बिब्ब्याचा रस पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरत, कारण ती खूण कितीही धुतली तरी जात नाही. एवढ्यावरून तरी शहाण्याने ओळखावं. आत्याला बिब्बा उतला. पायापासून सुरुवात झाली, तो हात फिरला तिथे तिथे फोड घेऊन थेट तोंडापर्यंत आला. चांगल्या कामात कुणी मोडता घातला तर आपण "बिब्बा घातला" का म्हणतो, ते आमच्या घरात त्या आठवड्यात सर्वांना समजलं.

परत खोकल्याकडे. चौथ्या दिवशी शेजारचे अण्णा आले. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे कुठलाही द्रव पदार्थ त्यांना मोठ्या प्रमाणावरच सुचतो. २०२० साली, टाळेबंदीत, आयुष मंत्रालयाने काढ्याचं प्रमाण सांगितलं होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि काळी मिरी एक. अण्णांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली एक शेरा मारला, "सौम्य वाटते." त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये अण्णांचा काढा सकाळ-संध्याकाळ दारोदार पोचे. कोरोना कुणाकुणाला झाला न झाला, पण जूनपर्यंत निम्म्या बिल्डिंगचं तोंड आलं होतं आणि उरलेल्यांची छाती जळत होती. मग अण्णांनी काढ्यावर उतारा म्हणून गुलकंद वाटला, आणि गुलकंद फार झाल्यावर दोघा मधुमेहींची साखर वाढली म्हणून त्यांना कारल्याचा रस दिला. धरणातून कालवा, कालव्यातून पाट, पाटातून चारी, अशी ती योजना चालली होती.

आता तेच अण्णा स्टीलची बरणी घेऊन माझ्यासमोर उभे होते. काढा मी तोंडात घेतला. डोळ्यांत पाणी, कानांत शिट्टी. "लागतोय ना?" अण्णा आनंदाने म्हणाले, "म्हणजे काम करतोय."

कडू किंवा जहाल लागलं नाही तर ते औषध नव्हे, ही आपली पक्की समजूत आहे. त्यामुळे घरगुती औषधांपैकी ज्याने सर्वांत जास्त जीव वाचवले असतील, त्याला घरात कुणी किंमत देत नाही. अण्णांच्या काढ्याने दुसऱ्या दिवशी मला जुलाब सुरू झाले, तेव्हा बायकोने लिटरभर उकळून गार केलेलं पाणी घेतलं, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळलं आणि घोट घोट प्यायला दिलं. झालं. ना वास, ना कडवटपणा, ना उगाळणं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि थोडा सोडा यांचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं. भांड्याने पाजायला नातेवाईकच होते. मृत्यूचं प्रमाण धडाधड उतरलं. १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने या क्षारसंजीवनीची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या शोधांत केली. मला संध्याकाळपर्यंत हुशारी आली. आई म्हणाली, "हळदीने कोठा धुऊन निघाला." सासूबाई म्हणाल्या, "आगळाचा गुण." मीठ-साखरेच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी नागपूरच्या वहिनींचा व्हिडिओ कॉल. "काय करून राहिले भाऊजी तुम्ही? अडुळसा नाही का तिकडे?" अडुळसा होता, आमच्याच कुंपणाला होता. त्याची पानं वाफवून रस काढला, त्यात मध घातला. तो रस गिळताना मला अण्णांच्या काढ्याची आठवण आली आणि तो बरा वाटला.

सहाव्या दिवशी मुलगी पुण्याहून आली. नव्या पिढीचा बटवा मोबाइलमध्ये असतो. तिला एक रील सापडलं होतं: रात्री तळपायाला कच्च्या कांद्याची चकती लावून वर मोजे घालायचे, कांदा सगळं विष शोषून घेतो, सकाळी कांदा काळा पडतो. हे विलायती आजीबाईंचं शहाणपण. आईने पायातला कांदा बघितला आणि तिला भडभडून आलं. "तीस रुपये किलो," एवढंच ती बोलू शकली. सकाळी कांदा काळा वगैरे काही झाला नव्हता, नुसता मोज्यांना वास येत होता. त्या दिवशी मात्र घरात एकी झाली. आई आणि सासूबाई, दोघींनीही एकमुखाने सांगितलं की कांद्याची भजी करतात.

त्याच संध्याकाळी ओव्याची धुरी घेताना सासूबाईंच्या दिराचा विषय निघाला. त्यांना एकदा छातीत दुखायला लागलं. घरात सगळ्यांनी वात ठरवला. ओवा-मीठ चघळलं, हिंगाचं पाणी झालं, पाठीला तेल चोळलं. अडीच तासांनी घामाघूम झाले तेव्हा मुलाने गाडी काढली. ते वाचले, आज शेतावर जातात. पण हे सांगताना सासूबाईंनी धुरीचं भांडं खाली ठेवलं होतं, आणि बराच वेळ ते कुणी उचललं नाही.

आठव्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. एकटा निघालो होतो; पोचलो तेव्हा तिघं होतो. डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला आणि म्हणाले, "काही नाही. विषाणूचा खोकला आहे. दोन आठवड्यांत आपोआप जाईल."

आपोआप! आई आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. आठ दिवस दोन बायका, एक निवृत्त अधिकारी आणि एक नागपूर एवढे सगळे राबत असताना एक शिकलासवरलेला माणूस म्हणतो, आपोआप? रोगापेक्षाही या शब्दाची त्यांना जास्त चीड आली. डॉक्टर अनुभवी. त्यांनी ती नजर ओळखली आणि मुकाट्याने एक सिरप लिहून दिलं. घरी आल्यावर मुलीने बाटलीवरचं नाव वाचलं, ब्रोमहेक्झिन, आणि मोबाइलवर शोधलं. कफ पातळ करणारं हे औषध मुळात अडुळशातल्या व्हॅसिसीन नावाच्या द्रव्यावरून तयार केलेलं आहे. हे कानावर पडताच आईने चष्मा लावून बाटली हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि कुंपणाकडे बोट दाखवून विचारलं, "म्हणजे तो आपला अडुळसा आम्हाला विकत दिला?" नागपूरला लगेच फोन गेला.

नवव्या दिवशी सगळे उपाय थकले. अशा वेळी एकच राहतं. तिन्हीसांजेला आईने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. दृष्ट जबर असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं शास्त्र आहे. अर्ध्या मिनिटात आई, सासूबाई, बायको, मुलगी आणि दार उघडं दिसलं म्हणून डोकावलेले अण्णा, सगळे डोळे पुसत खोकत होते. मी गॅलरीत पळालो होतो, त्यामुळे त्या घरात न खोकणारा मी एकटाच होतो. दृष्ट नव्हती हे सिद्ध झालं, पण आईला माझं न खोकणंही आवडलं. तेही तिने मिरचीच्या नावावर जमा केलं.

अकराव्या दिवशी सकाळी उठलो तो खोकला नव्हता. चहाच्या वेळी पुन्हा बैठक बसली. आईने हळदीचं मत मांडलं. सासूबाईंचं म्हणणं, पित्त शमलं की खोकल्याला आधारच राहत नाही. अण्णा बरणी परत न्यायला आले होते, ते नुसतेच हसले, जिंकलेला माणूस हसतो तसे. नागपूर फोनवर होतं. मी सगळ्यांना मान डोलावत होतो. "सुंठीवाचून खोकला गेला" ही म्हण माझ्या अगदी ओठांवर आली होती, पण अण्णांच्या काढ्यातली सुंठ आठवली आणि मी ती चहाबरोबर गिळली.

कारण खरी गोष्ट अशी की सहाव्या दिवसापासून मी काही घेतच नव्हतो. काढा गॅलरीतल्या मोगऱ्याला जात होता. हळद-दूध गवती चहाच्या कुंडीत. आगळ कढीपत्त्याला, कारण तोही स्वयंपाकातलाच. फक्त मध चाटत होतो, तो गोड लागतो म्हणून.

चहा झाल्यावर आई झारी घेऊन गॅलरीत गेली. मी वर्तमानपत्र वाचत असल्यासारखा बसलो. बराच वेळ झारीचा आवाज आला नाही. मान तिरकी करून पाहिलं तर ती मोगऱ्यापाशी ओणवी झाली होती. पानं पिवळी पडली होती. तिने चिमूटभर माती उचलली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले.

"अण्णांचा काढा," ती म्हणाली. "सुंठ जास्त झालीय."

मी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

"बरं केलंस," ती हळूच म्हणाली, आत सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने. मग माती झटकून, पदर सावरून ती गवती चहाच्या कुंडीकडे वळली.